बोटाचं फेटलिंग

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी फेटलिंग शॉपचा सुपरवायझर आहे. साच्यातून निघालेल्या कास्टिंगच्या कडेला धातूची पातळ झालर आलेली असते. ती ग्राइंडरनं घासून काढायची, साच्यात जादा धातूसाठी ठेवलेल्या वाटेचे, म्हणजे रायझरचे, खुंट तोडायचे, माल गुळगुळीत करून पुढं द्यायचा, हे आमचं काम. हे आधी सांगायचं कारण एवढंच, की उजव्या पायाच्या अंगठ्याशी मी चार वर्षं हेच करत होतो आणि ते माझ्या लक्षात यायला एका डॉक्टरबाईंना कागदावर अंगठा काढून दाखवावा लागला.

रुतलेलं नख. आमच्याकडं याला सरसकट नखुरडं म्हणतात, पण नखुरडं म्हणजे नखाच्या कडेला पू धरून बोट ठणकणं. ते हातालाही होतं आणि नख आत न घुसताही होतं. माझ्या नखाची कडच मांसात घुसत होती. शिफ्टमधल्या एकानं बघून ‘कुरूप हाय’ असा निकाल दिला. नावाचा घोळ किरकोळ वाटतो, पण नावावरून उपाय ठरतो. मी मेडिकलमधून कुरूपाची पट्टी आणली आणि आठवडाभर लावून बसलो. त्या पट्टीत सॅलिसिलिक अॅसिड असतं, कडक झालेली कातडी मऊ करून काढायला. माझी कातडी आधीच सुजून मऊ झालेली. ती आणखी हुळहुळी झाली, बाकी काही नाही.

सुरुवात झाली बुटांपासून. कंपनीत स्टीलची टोपी असलेले सेफ्टी शूज सक्तीचे, आणि ते असायलाच हवेत. वीस किलोचं कास्टिंग पायावर आलं तर नखाबद्दल बोलायला बोट शिल्लक राहणार नाही. पण मला लागतो नऊ नंबर आणि त्या खेपेला स्टोअरमध्ये आठच उरले होते. ‘घाला की सायेब, वापरून सैल होत्यात,’ स्टोअरवाला म्हणाला. कातडं सैल होतं, स्टील होत नाही. दहा-दहा तास उभं राहून अंगठा एका बाजूनं टोपीला आणि दुसऱ्या बाजूनं शेजारच्या बोटाला रेटला जायचा. त्यात जुलै. कोल्हापूरच्या पावसात गाडीवरून शिरोलीला पोचेपर्यंत मोजे ओले, आणि फर्नेसजवळ ते वाळेपर्यंत पाय उकडलेले. भिजून फुगलेली कातडी आणि तिला टेकलेली नखाची कड. दुसरं काय होणार?

पहिल्यांदा दुखलं तेव्हा मी नेलकटर काढला. त्याच्या आत ती टोकदार, किंचित वाकडी पट्टी असते ना, ती कोपऱ्यात घालून नख उचललं आणि जितकं आत जाता येईल तितकं तिरकं कापलं. कोपरा निघाला तसा जो थंडावा वाटला त्याला तोड नव्हती. त्या रात्री पांघरुणाचं ओझं पायाला लागलं नाही. मला वाटलं, जिंकलो.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा कापलं, या वेळी आणखी आत. पुन्हा थंडावा. मग हा पायंडाच पडून गेला. आई बघायची आणि म्हणायची, ‘काय करायलाईस रं त्या बोटाला? सांजच्याला नखं काढू नये.’ तिचा आक्षेप वेळेला होता. चूक वेळेत नव्हती, कापण्यात होती, हे तिलाही माहीत नव्हतं.

मधल्या काळात ज्यानं त्यानं उपाय सांगितले. आईची हळद आणि खोबरेल तेल. शेजारच्या काकूंनी लिंबाला भोक पाडून ते बोटावर टोपीसारखं चढवायला सांगितलं. रात्रभर ते घालून झोपलो, सकाळी अंथरुणाला लिंबाच्या लोणच्याचा वास. गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं बिब्बा तापवून लाव म्हटलं. ते मात्र ऐकलं नाही, हे माझ्या शहाणपणाच्या यादीतलं एकमेव कलम. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते, फोड येतात. आधीच उघड्या जखमेवर ते म्हणजे आगीत तेल ओतणं. आणि एका मित्रानं नखाच्या मधोमध इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडायला सांगितली. म्हणे खाच भरून काढायला नख मध्याकडं ओढलं जातं आणि कडा आपोआप बाहेर येतात. ऐकायला इतकं पटण्यासारखं, की मी कानशीनं मनापासून खाच पाडली. त्या खाचेत महिनाभर मोजे अडकत होते.

कोल्हापूरकराला पावसाळ्यात दोन आकडे झोपेतही पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. माझ्या बोटाचंही तसंच होतं आणि मी पातळी बघायला शिकलो नव्हतो. आधी कड लाल, दाबलं की कळ. ही इशारा पातळी. मग पू, मोज्याला पिवळा डाग, रात्री ठणका. आणि त्याही पुढं नखाच्या कडेला लालभडक, ओलसर, मसुराएवढं मांस वाढलं, हात लागला की भळकन रक्त. मी त्याला गाठ समजून घाबरलो. नंतर कळलं, शरीर जखम भरायला नवं मांस तयार करतं, पण आत टोचणारी वस्तू तशीच असेल तर ते भरतही नाही आणि थांबतही नाही, नुसतं फुगत राहतं.

तेव्हा पहिल्यांदा दवाखाना गाठला. पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या मिळाल्या. पू गेला, सूज उतरली, गोळ्या संपून दहा दिवस झाले आणि परत सगळं जाग्यावर. मग दुसऱ्या एका ठिकाणी गेलो. तिथं त्यांनी सरळ अख्खं नख उपटून काढलं. मुळासकट काढलं असं मला वाटलं होतं, कारण दुखलंच तेवढं. नख नसलेला अंगठा दिसायला विचित्र, सोललेल्या बटाट्यासारखा. पण वर्षभर सुख होतं, खोटं कशाला बोलू. मग नवं नख हळूहळू पुढं आलं. आधीपेक्षा जाड, थोडं वाकडं. आणि नख नव्हतं त्या काळात बोटाच्या टोकाचं मांस वर उचललं गेलं होतं, त्यामुळं नख येऊन थेट त्या बांधावर धडकलं. चौथ्या पावसाळ्यात मी परत पहिल्या पायरीवर. त्या डॉक्टरांनी मला या शक्यतेबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता, याचा राग अजून आहे.

राजारामपुरीतल्या एका गल्लीत ज्या मॅडमकडं शेवटी गेलो त्या आधी बोटाकडं बघेचनात. शुगर आहे का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, बधिरतेच्या इंजेक्शनचा कधी त्रास झालाय का, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, सगळं विचारलं. पायाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी लागते का बघितलं. मग अंगठा उजेडात धरून म्हणाल्या, ‘कोपरे कोण कापतं?’

‘मीच.’

‘कधी?’

‘दुखलं की.’

त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर अंगठ्याचा आडवा छेद काढला. आपल्याला दिसतं ते नख म्हणजे अर्धी गोष्ट. त्याचं मूळ मागं, कातडीखाली काही मिलिमीटर आत असतं, आणि नख तिथं तयार होऊन पुढं सरकत येतं. बाहेर आलेलं नख मेलेलं असतं. त्यात तुम्ही खाच पाडा की नक्षी काढा, मुळाला त्याचा पत्ता लागत नाही. गेलं माझं व्ही अक्षर. मी तिरकं कापायचो तेव्हा दिसणारा कोपरा जायचा, पण जिथं नेलकटर पोचत नाही तिथं नखाचं एक कुसळ राहायचं. बाजूचं मांस मोकळ्या जागेत वर यायचं, आणि तीन आठवड्यांनी ते कुसळ पुढं सरकत त्या मांसात भाल्यासारखं घुसायचं. ‘थंडावा मिळतो ना, तीच पुढच्या वेळची पेरणी,’ असं त्या म्हणाल्या. गोळ्यांचंही तेच. पायात काटा मोडलेला असताना वरून कितीही औषध घेतलं तरी काटा थोडाच निघणार? अँटिबायोटिक आजूबाजूला पसरलेल्या जंतूंसाठी. कुसळ काढल्यावर बहुतेकांना त्याची गरजही उरत नाही.

आणि अख्खं नख काढलं त्याचं काय, मी विचारलं. मूळ तसंच राहिलं की ते पुन्हा त्याच रुंदीचं नख देणार, असं उत्तर आलं.

मी हसलो. आमच्या शॉपमध्ये एकाच जागी रोज झालर येत असेल तर ग्राइंडरवाल्याला कुणी झापत नाही. पॅटर्न शॉपला, म्हणजे ज्या नमुन्यावरून साचा बनतो तो करणाऱ्यांना, फोन जातो. पॅटर्न दुरुस्त झाल्याशिवाय तुम्ही हजार नग घासलेत तरी हजार-एकावा तसाच येणार. हे मी रोज दुसऱ्यांना सांगतो. चार वर्षं बोट घासत होतो, पॅटर्नला हात लावला नव्हता. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणतात ते असं.

मॅडमनी एक गोष्ट मात्र बजावून सांगितली, आणि ती इथं सांगतो कारण मला ती चार वर्षं आधी हवी होती. इशारा पातळीला असताना यातलं काहीच लागत नाही. नुसती लाली आणि दुखणं असेल, पू नसेल आणि पायाला शुगरचा किंवा रक्तपुरवठ्याचा त्रास नसेल, तर दिवसातून तीन-चारदा पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात पाय बुडवायचा. पाय पुसून, नख मऊ असतानाच, कापसाची बारीक वात वळून ती कोपऱ्याखाली हलकेच सरकवायची, म्हणजे नखाची कड मांसावरून उचललेली राहते. वात रोज बदलायची. चिकटपट्टीचं एक टोक नखाच्या कडेला मांसावर चिकटवून ती खालून बोटाभोवती तिरकी ओढून घ्यायची, म्हणजे मांस नखापासून बाजूला खेचलं जातं. बूट रुंद किंवा सरळ उघडी चप्पल. आणि कोपऱ्याला हात लावायचा नाही. नख त्या मांसाच्या पुढं वाढून येईपर्यंत हे करायचं, आणि याला धीर लागतो. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं अख्खं नख नव्यानं यायला वर्ष ते दीड वर्ष जातं. माझ्यासारखा माणूस तीन दिवसांत कंटाळून नेलकटर शोधतो.

माझी गाडी धोका पातळीच्या पुढं गेलेली. त्यांनी सुचवलं ते असं: नखाची रुतणारी बाजूची चिंचोळी पट्टी तेवढी मुळापर्यंत उभी कापून काढायची, आणि त्या पट्टीपुरतं मूळ फिनॉल लावून जाळून टाकायचं. बाकी नख जागेवर. ‘परत होणारच नाही, अशी हमी कुणी देत नाही,’ त्या म्हणाल्या, ‘पण नुसतं नख काढण्यापेक्षा परत होण्याची शक्यता बरीच कमी.’ मला हे बोलणं आवडलं. हमी देणाऱ्यांचा अनुभव घेऊन झाला होता.

मित्राला म्हटलं, शनिवारी जरा दवाखान्यात चल, गाडी चालवता येणार नाही. तो म्हणाला, ‘भावा, नख हाय ते, किडनी न्हवं.’ पण आला.

सगळ्यात जास्त काय दुखलं, तर इंजेक्शन. बोटाच्या दोन्ही बाजूंनी नसा जातात, म्हणून बुडाशी दोन्हीकडून सुई. औषध आत जाताना जी आग होते ती दहा-पंधरा सेकंदच असते, पण ते सेकंद लांब असतात. मी छताच्या पंख्याची पाती मोजली. तीनच होती, पण चार-पाच वेळा मोजली. मग पाच-सात मिनिटं थांबायचं. हळूहळू अंगठा माझा राहिला नाही. मॅडमनी चिमट्यानं दाबून विचारलं, ‘दुखतंय?’ दाबल्याचं कळत होतं, दुखत नव्हतं. स्पर्श आणि दाब थोडा कळतोच, घाबरू नका, असं त्यांनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. नाहीतर मी टेबलावरून उठलो असतो.

बोटाच्या बुडाशी रबरी पट्टी ताणून बांधली. रक्त थांबवायला तर खरीच, पण दुसरं कारण म्हणजे रक्त आलं की फिनॉल पातळ होतं आणि काम करत नाही. कात्रीनं नखाची पट्टी पुढून मागं चिरत नेली, चिमट्यात धरली आणि बाजूला वळवून ओढली. ‘बघायचंय?’ म्हणून ट्रेमध्ये दाखवली. रुंदी जेमतेम तीन-चार मिलिमीटर, पण लांबी मी समजत होतो त्यापेक्षा बरीच जास्त, कारण कातडीखालचा भागही आला होता. आणि कडेला ते कुसळ. माश्याच्या काट्याएवढं. इतक्याशा वस्तूसाठी चार पावसाळे.

मग आजूबाजूच्या कातडीला व्हॅसलीन लावलं आणि कापसाच्या काडीवर फिनॉल घेऊन ते खाचेत घासायला सुरुवात केली. एक मिनिट, मग नवी काडी, परत एक मिनिट, असं तीनदा. सिस्टर घड्याळ लावून बसल्या होत्या. दुखलं नाही, पण वास आला, आणि त्या वासानं मी एकदम लहानपणी पोचलो. आमच्या न्हाणीत असायचा तो लाल कार्बोलिक साबण. हेच ते, मॅडम म्हणाल्या. फिनॉलचं जुनं नाव कार्बोलिक अॅसिड. जोसेफ लिस्टर या ब्रिटिश सर्जननं 1867 साली जखमा सडू नयेत म्हणून त्याचा वापर जगापुढं मांडला, आणि तिथून शस्त्रक्रियेत जंतू मारायची चाल पडली. आता तेच रसायन तीव्र स्वरूपात नखाचं मूळ मारायला. वाढलेलं लाल मांसही काढलं. खाच धुतली, रबर सोडलं, पांढरा पडलेला अंगठा बघता बघता गुलाबी झाला. टाके नाहीत. पट्टी बांधून बाहेर आलो तर जेमतेम अर्धा तास झाला होता. खर्च चांगल्या बुटांच्या जोडीएवढा. नऊ नंबरच्या.

बाहेर आल्यावर पायात कोल्हापुरी घालायला गेलो आणि लक्षात आलं, हिला अंगठा असतो. म्हणजे चपलेला. पट्टी बांधलेलं बोट त्या कातडी कडीत जाणं शक्यच नव्हतं. आयुष्यभर कोल्हापुरी घालून कधी डोक्यात आलं नव्हतं, की सगळी चप्पल त्या एका बोटाच्या जोरावर पायात राहते. मित्राची रबरी स्लिपर घेतली, तो अनवाणी गाडीवर बसला. ‘किडनी न्हवं’ म्हटल्याचं प्रायश्चित्त.

बधिरता दोन-अडीच तासांनी उतरली. पाय दोन उशांवर, पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या, आणि झोप लागली. इमानदारीनं सांगतो, रुतलेल्या नखाचा रोजचा ठणका याहून जास्त होता. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग बदललं, मग रोज घरीच कोमट मिठाच्या पाण्यानं धुणं, कोरडं करणं, जाळीची पट्टी. बायकोनं पहिल्या दिवशी ‘मी करतो’ म्हणून हौसेनं पुढाकार घेतला (आमच्याकडं बायकाही ‘मी करतो’च म्हणतात) आणि पट्टी सोडल्यावर ‘तुमचं तुम्ही करा’ म्हणून उठली.

नवव्या दिवशी मी घाबरलो. पट्टीवर पिवळसर ओल, खाच काळपट, कड लाल. झालं, परत पू. फोटो काढून मॅडमना व्हॉट्सअॅपवर पाठवला. उत्तर आलं: भाजल्यावर लस येते, तशी लस आहे, पू नाही. फिनॉलनं जाळलेली जखम आहे, ती दोन ते चार आठवडे झिरपणारच. दुखणं दिवसेंदिवस वाढत असेल, लाली बोटावरून पायाकडं पसरत असेल, दुर्गंधी येत असेल किंवा ताप आला तर लगेच या, नाहीतर धूत राहा. माझं दुखणं कमीच होत होतं. धूत राहिलो. पंचवीस-सव्वीस दिवसांनी पट्टी कोरडी निघाली.

कामावर चार दिवसांनीच गेलो, पण शॉपमध्ये उघड्या चपलेनं पाय ठेवायची सोय नाही, आणि नसावीच. तीन आठवडे डिस्पॅचच्या टेबलावर बिलं केली. परतल्यावर स्टोअरमधून नऊ नंबरचे आणि पुढून रुंद असलेले बूट घेतल्याशिवाय सही करणार नाही म्हणून बसलो. मिळाले. चार वर्षांपूर्वीही मिळाले असते कदाचित. मागितले नव्हते.

आता यातला जो भाग मला माझ्या बोटापेक्षा मोठा वाटतो तो. पहिल्या भेटीतच मॅडमनी विचारलं होतं, घरात शुगर कुणाला? आईला, बारा वर्षं. ‘त्यांची नखं कोण काढतं?’ मला माहीत नव्हतं. घरी येऊन विचारलं तर आई म्हणाली, ‘मीच की. ब्लेडनं.’

लगेचच्या आठवड्यात तिला घेऊन गेलो. नखं बघून मॅडमनी काही म्हटलं नाही. एक जाडसर नायलॉनचा दोरा काढला, दांडीला बसवलेला. तो कातडीला टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो. आईला डोळे मिटायला सांगितले, लागलं की ‘हं’ म्हणा. तळव्याला, अंगठ्याला, टाचेला त्या दोरा टेकवत गेल्या. दोन ठिकाणी ‘हं’ आलं. मग अंगठ्याखाली टेकवला, दोरा वाकला, आई गप्प. शेजारी टेकवला, वाकला, गप्प. तिसऱ्या ठिकाणी टेकवून झाल्यावर आई डोळे मिटूनच म्हणाली, ‘लावा की आता.’

मला तिथं बसवेना.

मला नख रुतलं तर मी तीन गल्ल्यांत बोंबलत फिरलो, कारण दुखत होतं. हिला रुतलं तर दुखणारच नाही. पू होईल, पसरेल, आणि मोज्यावर किंवा चादरीवर डाग दिसेल तेव्हा कळेल. शुगर असलेल्या माणसानं नखाचा कोपरा स्वतः कोरायचा नाही, कुरूपाची पट्टी लावायची नाही आणि दमून आल्यावर गरम पाण्यात पाय सोडून बसायचं नाही. हे तिसरं ऐकून मी चपापलो, कारण रोज रात्री बादलीत कढत पाणी मीच ओतून देत होतो, सेवा म्हणून. पायाला पाण्याची धग कळत नाही आणि फोड येतात. धुवायचंच तर पाणी कोपरानं तपासायचं, आणि तेही दुसऱ्यानं. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या. रोज तळवा आरशात किंवा घरच्या कुणाला दाखवायचा.

आता रविवारी सकाळी, आईची आंघोळ झाली की सोप्यात तिला पाटावर बसवतो आणि नखं काढतो. आंघोळीनंतर ती मऊ असतात, चिरा जात नाहीत. सरळ आडवी, बोटाच्या टोकाबरोबर, कोपरे शिल्लक ठेवून. टोचणारं टोक कानशीनं थोडं मारायचं, कापायचं नाही. आई सांगते, तिच्या माहेरी न्हावी घरी यायचा तेव्हा नराणीनं नखं काढायचा. ती पात्यासारखी सरळ असते, तिनं गोल कापायची सोयच नव्हती. आपल्या नेलकटरचं तोंड गोल, त्यामुळं हात आपोआप कोपऱ्यात वळतो. मी सरळ तोंडाचा मोठा नेलकटर आणलाय. हातांच्या नखांना गोल चालतो, पायाला नाही.

माझं नख आता एका बाजूनं थोडं अरुंद दिसतं. दोन पावसाळे झाले, अजून तरी काही नाही. बूट घेताना संध्याकाळी जातो, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो तेव्हा. अंगठ्यापुढं हाताच्या अंगठ्याएवढी जागा राहते का बघतो. पावसाळ्यात मोज्यांचा एक कोरडा जोड डब्याच्या पिशवीत.

आता पेच पोराचा आहे. वय चौदा, तालमीच्या पोरांबरोबर रोज गांधी मैदानावर फुटबॉल. या वयात पोरांना हे नख जास्तच रुततं म्हणे. पाय भराभर वाढतात, घाम येतो, नखं कापायच्या ऐवजी हातानं ओढून तोडतात. आमचंही तोडतंच. गेल्या महिन्यात स्टडचे बूट घ्यायला गेलो. त्याला सहा नंबर पाहिजे, मापानं बसतो सात. ‘पप्पा, घट्ट असल्याशिवाय बॉलचा टच येत नाही, सगळे एक नंबर कमीच घेतात.’ दुकानदारानंही मान डोलवली. मी माझा अंगठा काढून दाखवला, भर दुकानात. दोघांवरही परिणाम शून्य. शेवटी सहा नंबरच घेतला, कारण शनिवारी मॅच होती आणि तो रडायच्या बेतात होता. दुकानदार म्हणाला पंधरा दिवसांत बदलून देतो, फक्त चिखलात घालू नका. चिखल न लावता फुटबॉल कसा खेळायचा ते त्यालाच ठाऊक. बिल मी पाकिटात ठेवलंय.